कधीच न भरणारी टाकी

दादाला त्या टाकीचा फार अभिमान होता. गावात कुणी नवं घर बांधायला काढलं की तो त्यांना आमच्या परसात आणून उभं करायचा, लोखंडी झाकणावर चपलेने टकटक करायचा आणि सांगायचा, "बारा वर्षं झाली, एकदा उपसली नाय. मिस्त्री जुना माणूस होता. खालून मोकळी सोडलीय." पाहुणे माना डोलवायचे. मीही डोलवली आहे. ऐरोलीहून दोन दिवसांसाठी माहेरी गेलेलं माणूस संडासच्या टाकीचा विचार करायला जात नाही. वहिनीच्या हातची तांदळाची भाकरी, परसातला आंबा, आईशी गप्पा आणि विहिरीचं गार पाणी, एवढ्यासाठी जातं.

गाव मुरबाडच्या पुढे, सरळगाव सोडल्यावर आत. घर उतारावर, वरच्या अंगाला भाताची खाचरं, खालच्या अंगाला विहीर. अठ्ठावीस फूट खोल. वरचं दहा फूट दगडी बांधकाम, मग मुरूम, मग कातळ. दादाचा दुसरा अभिमान या विहिरीतला एक झरा. घराच्या बाजूला, मुरूम संपून कातळ लागतो त्या सांध्यातून तो पाझरतो. बाकीचे पाझर मार्चमध्ये दम टाकतात, हा मात्र ऐन मे महिन्यातही चालू. आई त्याला गंगा म्हणते. श्रावणात कठड्यावर हळदकुंकू वाहते ते त्याच्याच बाजूला.

हे दोन अभिमान एकमेकांपासून बावन्न फुटांवर होते आणि मला त्यांचा संबंध लागायला बारा वर्षं लागली. वास्तविक मी सत्तावीस वर्षं रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये पाणीच तपासलं. बॉयलरचं पाणी, ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी. घरचं कधी नाही.

निमित्त झालं 2023 मध्ये. फेब्रुवारीत थोरल्या पुतण्याला मुलगी झाली. मी आत्याआजी झाले. सूनबाईला दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी वरचं पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. मे महिन्यात मी गेले तेव्हा वहिनी चुलीवर पातेलं ठेवून बाळाच्या दुधासाठी पाणी उकळत होती. चांगलं खळखळून, दहा-पंधरा मिनिटं. "शहरात तुम्ही त्या मशीनचं पाणी देता, आम्ही उकळून देतो. जंतू राहत नाय," ती म्हणाली. ते अगदी बरोबर होतं. तरी पातेल्यातून वर जाणारी वाफ बघताना माझ्या डोक्यात जुनी सवय जागी झाली: वाफ जाते ते नुसतं पाणी. क्षार खाली राहतात. पाव हिस्सा पाणी आटलं, तर उरलेल्यात जे काही असेल ते एकतृतीयांशाने वाढतं.

आणि जे काही असेल ते काय असू शकतं, हे वळून टाकीच्या झाकणाकडे बघितल्यावर लक्षात आलं.

ते म्हणजे नायट्रेट, मलमूत्रातल्या नायट्रोजनपासून होणारा क्षार. नायट्रेटला वास नसतो, रंग नसतो, आपल्याला कळेल अशी चवही नसते. मोठ्या माणसाला थोडं जास्त गेलं तर लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथे नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला अशा रूपात बदलतं की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळसर पडायला लागतं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली. ती बाळंही शेतावरच्या घरांतली होती आणि त्यांचं दूधही विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. आईच्या दुधातून मात्र नायट्रेट बाळाकडे फारसं जात नाही. म्हणजे सूनबाईला दूध पुरलं असतं, तर मी आजही ती टाकी बघून मान डोलवत असते.

त्याच दिवशी दोन बाटल्या भरल्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मोटर पाच-दहा मिनिटं चालवून मग भरायची, हवा राहू द्यायची नाही, बर्फात ठेवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लॅबमध्ये पोचवायची. मुरबाडहून कल्याणच्या एसटीत मांडीवर थर्माकोलचा खोका घेऊन बसले तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, मासळी असेल तर मागे बसा." पाणी आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यापेक्षा मासळी म्हटलेलं बरं झालं असतं.

एक बाटली एका खासगी लॅबला दिली. चार दिवसांनी रिपोर्ट आला. नायट्रेट: 13.8. शेजारी मर्यादा छापलेली: 45. दादाला फोटो पाठवला. त्याने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले तीन आणि अंगठे पाच. मीही चहा टाकला. चहा होईपर्यंत रिपोर्ट पुन्हा उघडला, तेव्हा आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात "ॲज एन" दिसलं.

हे दोन शब्द ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थांबते, कारण इथे शिकलेलीही फसतात. नायट्रेट मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात नायट्रेटचा अख्खा रेणू मोजतात, दुसरीत त्यातला फक्त नायट्रोजन. "ॲज एन" म्हणजे ही दुसरी. दुसरीचा आकडा 4.43 ने गुणला की पहिलीचा मिळतो. आपल्या भारतीय मानकाची, आयएस 10500 ची, 45 मिलिग्राम प्रति लिटर ही मर्यादा पहिल्या तऱ्हेची आहे आणि तिला "दुसरा स्रोत नसेल तर चालेल" अशी सवलत नाही. अमेरिकेची मर्यादा 10 आहे ती दुसऱ्या तऱ्हेची, म्हणजे जवळजवळ तेवढीच. त्या लॅबने आकडा एका तऱ्हेचा दिला होता आणि मर्यादा दुसऱ्या तऱ्हेची छापली होती. 13.8 गुणिले 4.43 म्हणजे 61.

आणि वहिनी ते उकळत होती. 61 चं पाव आटलं की 81.

त्याच संध्याकाळी फोन केला. बाळाला विहिरीचं पाणी बंद, उकळलेलं तर मुळीच नाही. बाळ खेळतं होतं, ओठ-नखं गुलाबी होती, वजन वाढत होतं. तरी डॉक्टरांना दाखवून या म्हटलं. त्यांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले. पुढचे चार महिने तिचं दूध विकतच्या सीलबंद पाण्यात कालवलं.

मग दादाचा फोन आला. "तात्याचा युरिया आहे तो," पहिलंच वाक्य.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. तात्यांची खाचरं आमच्या घराला लागून, वरच्या अंगाला. युरिया तेही टाकतात, सगळेच टाकतात. दोष बांधापलीकडचा निघाला असता तर घरात कुणालाच वाईट वाटलं नसतं. नायट्रेट म्हटलं की बातम्याही खताच्याच येतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या जवळपास 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं, आपल्याकडचे वर्धा, बुलढाणा वगैरे जिल्हे त्यात पुढे होते, तेव्हाही चर्चा झाली ती शेतीची.

पण भाताचं खाचर ही अजब गोष्ट आहे. चिखलणी केलेल्या मातीवर पाणी उभं असतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय युरियाचं नायट्रेट होत नाही. तो अमोनियाच्या रूपात अडकून राहतो. थोडं नायट्रेट झालंच तर तिथलेच जिवाणू त्याचा वायू करून उडवून देतात. शिवाय चिखलणीमुळे तळ इतका घट्ट होतो की पाणी खाली जायला नाखूश असतं. आणि मे महिन्यात तात्यांच्या खाचरात होतं काय? भात कापून वाल पेरलेले, तेही काढून झालेले. ढेकळं आणि भेगा. युरियाची गोण फुटून दहा महिने झाले होते.

उकिरडा हा तिसरा संशयित. तो विहिरीच्या खालच्या अंगाला, दोनशे फुटांवर. पाणी चढ चढत नाही, म्हणून त्याला सोडून दिला.

उरली टाकी. दादाला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. आधी आकडे गोळा करू म्हटलं.

रबाळ्याच्या लॅबमधली माझी एक मैत्रीण आता दुसरीकडे स्वतःचं छोटं काम करते, तिच्याकडे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, म्हणजे पाणी किती अतिनील प्रकाश शोषतं ते वाचणारं यंत्र. 220 नॅनोमीटरला वाचायचं, सेंद्रिय घाणीची वजावट करायला 275 ला पुन्हा वाचायचं. ही वाचनं मी आयुष्यात हजारो केली असतील, पण आपल्या आईच्या विहिरीचं पाणी त्या काचेच्या कुपीत घालताना हात वेगळाच होतो. सोबत क्लोराइडही करून घेतलं. ते का, ते सांगते.

नायट्रेट कुठून आलं हे नायट्रेट स्वतः सांगत नाही. शेणातलं, मुतातलं, गोणीतलं, सगळं एकसारखंच. पण माणूस मीठ खातो. गोणीतला युरिया मीठ खात नाही. टाकीतून येणाऱ्या पाण्यात नायट्रेटबरोबर मिठातलं क्लोराइड चढतं, युरियाने नुसतं नायट्रेट चढतं. कुणीतरी सुचवलं होतं की टाकीत पाच किलो खडे मीठ ओता आणि विहिरीत टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं पेन धरून बसा. वहिनीने ते ऐकून मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. पण मीठ ओतायची गरजच नव्हती. सहा माणसं बारा वर्षं रोज ओततच होती.

तुलनेला एक विहीर हवी होती. वरच्या आळीतल्या काकांची शेतविहीर आहे, तात्यांच्या खाचरांच्याही वर, आसपास घर नाही, कातळ तोच. तिथलं पाणी घेतलं. आणि तिसरा नमुना थेट झऱ्याचा. त्यासाठी धाकटा पुतण्या कमरेला दोर बांधून खाली उतरला, काठीला बाटली बांधून सांध्याशी धरून बसला. अर्धा लिटर भरायला लागली पंधरा मिनिटं. आई कठड्यावरून ओरडत होती, "गंगेला पाय लावू नकोस रे."

वरची विहीर: नायट्रेट 7, क्लोराइड 14.
आमची विहीर: नायट्रेट 61, क्लोराइड 69.
गंगा: नायट्रेट 104, क्लोराइड 118.

मग रात्री ऐरोलीच्या घरी वहीत हिशेब मांडला. माणूस रोज दहाएक ग्रॅम मीठ खातो असं धरलं, तर सहा माणसांचं 60 ग्रॅम, त्यात क्लोराइड 36 ग्रॅम. न्हाणीचं पाणीही आमच्याकडे त्याच टाकीत सोडलंय, म्हणजे माणशी 120 लिटर धरून दिवसाला 720 लिटर. 36 ग्रॅम 720 लिटरांत म्हणजे लिटरमागे 50 मिलिग्राम. पण हे 720 लिटर येतात कुठून? विहिरीतूनच. त्यात आधीचे 69 आहेतच. 69 आणि 50, 119. झऱ्यात निघाले 118.

नोकरीत असताना आकडे इतके जुळले की मी नमुना पुन्हा लावायचे. पुन्हा लावला. 116.

म्हणजे मे महिन्यातली ती गंगा जवळजवळ सगळीच आमची होती. सकाळी मोटर पाणी वर चढवायची, आम्ही ते प्यायचो, त्यात आंघोळी करायचो, ते टाकीत जायचं, टाकीच्या मोकळ्या बुडातून मुरुमात, मुरुमातून कातळाच्या सांध्यावरून घसरत बावन्न फूट खाली, झऱ्यात, विहिरीत, मोटरीत. घाणा फिरावा तसं पाणी फिरत होतं आणि दर फेरीला थोडं अधिक खारं होत होतं. झरा आटत नव्हता, कारण आम्ही त्याला रोज पाणी पाजत होतो.

यात मिस्त्रीचा हेतू वाईट नव्हता. टाकीचं बूड मोकळं सोडलं की पाणी झिरपून जातं, टाकी भरत नाही, मैला उपसणारी गाडी बोलवावी लागत नाही. गावोगाव असंच बांधतात. पण टाकीचं कामच भरणं हे आहे. गाळ तळाशी बसायला हवा, वरचं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं आणि दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायला हवा. दादा शेजाऱ्यांच्या दोन खड्ड्यांच्या, 12,000 रुपये अनुदानातल्या संडासांना हसायचा. त्यांच्या खड्ड्यांतूनही नायट्रेट मुरतंच, पण निदान ते खड्डे त्यांच्या विहिरीच्या डोक्यावर नाहीत.

आणि मुरूम! मुरूम जंतू चांगला गाळतो. म्हणूनच मे महिन्यात आमच्या विहिरीची जंतू तपासायची कुपी काळी पडली नाही (जंतू असले की ती काळी पडते). ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, तीही जंतूंना मारते. पण टाकीतून अमोनिया होऊन बाहेर पडलेला नायट्रोजन मुरुमातल्या हवेत आला की तिथले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया मातीला चिकटून राहतो, नायट्रेट चिकटत नाही. माती आणि नायट्रेट दोघांवरही ऋण भार, म्हणून माती त्याला ढकलून देते आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे जी हवा वास घालवते, घाण स्वच्छ करते, तीच नायट्रेट बनवते. पाणी जितकं निर्मळ दिसेल तितकं हे काम पूर्ण झालेलं असतं.

गावात "टाकी आणि विहिरीत पन्नास फूट" म्हणतात. मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत 18 मीटर सांगितले आहेत, म्हणजे साठ फूट. आमचे बावन्न. दादा म्हणाला, "मग आठ फुटांचंच भांडण आहे ना?" नाही. ते अंतर जंतू मरावेत म्हणून आहे. नायट्रेटला आठ फुटांनी काही फरक पडत नाही आणि कातळाला तडा असेल तर ऐंशीनेही पडला नसता. अंतरापेक्षा उतार बघायचा. टाकी वर आणि विहीर खाली, एवढं बघितलं तरी पुरे होतं. पण घर बांधताना सगळं लक्ष दरवाजाच्या दिशेवर होतं. दरवाजा पूर्वेलाच आहे, हे नमूद करते.

जूनच्या शेवटी पुन्हा गेले. पहिले जोराचे पाऊस होऊन गेले होते. आकडा 78. दादाने लगेच पकडलं, "बघ, पाऊस पडला, युरिया वाहिला!" तात्यांची लावणी अजून आठवडाभर लांब होती, गोण ओसरीवर शिवलेली होती. पहिला पाऊस काय करतो, तर उन्हाळाभर कोरड्या मुरुमात साठून राहिलेलं नायट्रेट एका दमात धुऊन खाली आणतो. ऑगस्टअखेरीस तोच आकडा 27 होता, अडीच मीटर पावसाने विहीर काठोकाठ भरली होती. नोव्हेंबरात 44. आता विचार करा, कुणी सप्टेंबरात एकदाच नमुना घेतला असता तर विहीर "पिण्यास योग्य", नोव्हेंबरात घेतला असता तरी एका मिलिग्रामाने योग्य. विहीर तीच, टाकी तीच. वरच्या विहिरीचे आकडे याच वर्षात 5 ते 11 मध्येच फिरले. ती नसती तर मला कुणी खरं मानलं नसतं, मीही नाही.

दादाला पटलं ते क्लोराइडने नाही. पटलं गोणीने.

दिवाळीत ओसरीवर बसलो होतो. मी म्हटलं, माणूस रोज साधारण 55 ग्रॅम प्रथिनं खातो. प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन. मोठ्या माणसाचं वजन वाढत नाही, म्हणजे जेवढा आत गेला तेवढा बाहेर, त्यातला बहुतेक लघवीतून. दिवसाला नऊएक ग्रॅम, वर्षाला 3.2 किलो. घरात सहा माणसं, 19 किलो. आणि युरियाची 45 किलोची गोण, 46 टक्के नायट्रोजनची, म्हणजे किती? दादाने बोटं मोजली. साडेवीस.

"म्हणजे आपण वर्षाला एक गोण युरिया त्या भोकात टाकतो?"

"जवळजवळ. तात्या दोन टाकत असतील, पण एकरभर पसरून, आणि भात तो खातो. आपण एका जागी टाकतो आणि खायला कुणी नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाय, आईला हे सांगू नको."

ते 19 किलो जर सगळे पाण्यात उतरले, तर मर्यादेच्या आत राहायला वर्षाला 19 लाख लिटर चांगलं पाणी त्यात मिसळावं लागेल. आमच्याकडच्या पावसातला दहावा भाग जमिनीत मुरतो असं धरलं तर त्यासाठी पावणेदोन एकरांहून जास्त रान हवं. निम्मा नायट्रोजन गाळात अडकला, वायू होऊन उडाला असं धरून सूट दिली तरी एकाच घराला एकर. आमचं घर-परस मिळून अकरा गुंठे. आणि वरच्या आळीच्या वर, काकांच्या त्या 7 आकड्याच्या विहिरीच्या डोक्यावर, आता पाच-पाच गुंठ्यांचे फार्महाऊसचे प्लॉट पडलेत. प्रत्येकाला स्वतःची बोअर, स्वतःची टाकी. जाहिरातीत "शुद्ध नैसर्गिक पाणी" आहे. शनिवार-रविवारचीच माणसं येतील, म्हणजे सातातले दोन दिवस, हे मान्य. तरी मी काकांना सांगून ठेवलंय की दर मे महिन्यात बाटली भरायला येणार.

आरओ बसवा, असंही अनेकांनी सुचवलं. आरओ नायट्रेट काढतं हे खरं. तुरटी, यूव्ही, टीसीएल, कापडाची गाळणी, यांतलं काहीच काढत नाही. पण जितकं गाळतं तितकंच किंवा जास्त पाणी फेकतं आणि आमच्याकडे मे महिन्यात वीज जाते तेव्हा ती कुठे गेली हे कुणाला विचारायचं हाही प्रश्न असतो. बाळापुरतं सीलबंद पाणी आणि घराला प्यायला काकांच्या विहिरीतून मोटरसायकलवर दोन कॅन, गाळून-उकळून. तिथे उकळायला हरकत नव्हती. 7 चं पाव आटलं तर सव्वानऊ.

टाकीचं काम जानेवारी 2024 मध्ये काढलं. मैला गाडी मुरबाडहून आली तेव्हा अर्धी आळी बघायला. बारा वर्षांची टाकी उपसायला अर्धा तासही लागला नाही, आत निघालं काय तर गुडघाभर घट्ट गाळ. बूड काँक्रीटने बंद केलं, आतून प्लास्टर, मधली भिंत नव्हतीच ती घातली. मग बाहेर पडणारं पाणी पाइपने विहिरीला वळसा घालून खालच्या अंगाला नेलं, विहिरीपासून 130 फूट पुढे, आणि तिथे उथळ चर काढून कर्दळ, अळू, केळी लावल्या. उथळ का, तर मुळांच्या टप्प्यात राहावं. खोल खड्ड्यातला नायट्रोजन झाडाला मिळत नाही, थेट कातळाला मिळतो. वहिनीला हा भाग आवडला. तिच्या केळी आता मी ऐरोलीला घेऊन येते आणि शेजारणींना त्यांचा इतिहास सांगत नाही.

ऐरोलीत फ्लश दाबला की विषय संपतो. खाली मोठी गटारवाहिनी, पुढे शुद्धीकरण केंद्र, वर मोरबे धरणाचं किंवा एमआयडीसीचं पाणी. एमआयडीसीचं येतं ते बारवी धरणातून, म्हणजे आमच्याच डोंगरांतून. धरणाचं पाणी नवी मुंबईला आणि स्वतःचं पाणी पुन्हा स्वतःला, असा आमच्या घरचा व्यवहार होता.

मे 2024 मध्ये विहिरीचा आकडा 33, क्लोराइड 38. मे 2025 मध्ये 21. उतरतंय, पण हळू. मुरुमात बारा वर्षांचं साठलंय, ते दर पावसाळ्यात थोडं थोडं निघतंय. बाळ आता तुरुतुरु चालतं आणि विहिरीच्या कठड्यापाशी गेलं की सगळे ओरडतात, ते वेगळ्या कारणाने.

पण गंगा आटली. पहिल्याच एप्रिलमध्ये. कातळाच्या सांध्यावर नुसती ओल आणि थोडं शेवाळ. मे महिन्यात मोटर दहा मिनिटांत हवा ओढायला लागली, तेव्हा कळलं की आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असं फारसं नव्हतंच कधी. आता नळाला तासभर येतं त्यावर आणि काकांच्या कॅनवर मे काढावा लागतो. कपडे नदीवर. दादा मला उघड काही म्हणत नाही. गेल्या उन्हाळ्यात कठड्यावर वाकून बराच वेळ खाली बघत होता, मग म्हणाला, "पाणी होतं तेव्हा निदान होतं तरी."

आईला आम्ही अजून खरं कारण सांगितलेलं नाही. पाऊस कमी झाला, असं ती सगळ्यांना सांगते. या श्रावणातही तिने त्याच बाजूला हळदकुंकू वाहिलं.